वेडाच्या झटक्यात लाकूड कापलं जात नाही

नॉर्वेचा चित्रकार एडवर्ड मुंक वेडा होता; वेडाच्या झटक्यात त्यानं ‘द स्क्रीम’ रंगवलं आणि चित्रावरच तशी कबुली लिहून ठेवली; हयातभर त्याला कुणी विचारलं नाही; आणि इस्पितळातून बरा होऊन आल्यावर त्याच्यातला कलावंत संपला. अशा अर्थाचा मजकूर त्या लाल आभाळाच्या चित्रासकट सारखा फिरत असतो. वाचणारे हळहळतात आणि पुढे पाठवतात. मला मात्र दर वेळी राग येतो, कारण या चार ओळींत एका माणसाचे साठ वर्षांचे कष्ट साफ पुसले जातात.

आधी ती कबुली. ऑस्लोच्या राष्ट्रीय संग्रहालयातल्या १८९३ च्या चित्रात, वर डाव्या कोपऱ्यात, पेन्सिलीनं अगदी बारीक अक्षरांत लिहिलंय : हे केवळ वेड्या माणसानंच रंगवलेलं असू शकतं. कुणा प्रेक्षकानं खोडसाळपणे ते खरडलं असावं, असं बरीच वर्षं मानत होते. २०२१ मध्ये संग्रहालयानं इन्फ्रारेड छायाचित्रं घेतली, मुंकच्या डायऱ्या आणि पत्रांतल्या अक्षराशी ताडून पाहिलं आणि अक्षर त्याचंच ठरलं. म्हणजे एवढ्यापुरतं तो मजकूर बरोबर आहे. पण पेन्सिल रंगाच्या वर चाललेली आहे. चित्र पुरं झाल्यावर ते लिहिलंय. संग्रहालयाच्या अंदाजानं हे १८९५ च्या सुमाराचं. त्या वर्षी क्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ऑस्लोत, त्याचं प्रदर्शन लागलं होतं आणि विद्यार्थ्यांच्या एका सभेत वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं चित्रांवरून त्याच्या मानसिक स्वास्थ्यावरच शंका घेतली. मुंकची बहीण लॉरा मनोरुग्ण होती. घाव कुठे बसला असेल ते सांगायला नको. ज्याला कबुली म्हणतात, ते लोकांनी मारलेल्या शिक्क्याला दिलेलं उत्तर दिसतं.

दुसरं, झटक्यात रंगवणं. सूर्य मावळताना आभाळ अचानक रक्तासारखं लाल झालं आणि निसर्गातून आरपार जाणारी किंकाळी जाणवली, ही नोंद मुंकनं फ्रान्समधल्या नीस शहरात २२ जानेवारी १८९२ ला लिहिली. त्याच वर्षीच्या एका चित्रात तेच आभाळ आहे, तोच कठडा आहे, पण पुढे टोपी घातलेला साधा माणूस वाकून उभा आहे. कवटीसारखा तो चेहरा १८९३ मध्ये आला. त्याच वर्षी त्यानं क्रेयॉनमध्येही हा विषय केला, १८९५ मध्ये पेस्टल आणि लिथोग्राफ (दगडावर काढून छापलेलं चित्र) केला, आणि आणखी एक रंगचित्र साधारण १९१० चं मानलं जातं, म्हणजे इस्पितळातून बाहेर आल्यानंतरचं. असा कोणता झटका वर्षानुवर्षं टिकतो?

आणि त्याची छापचित्रं पाहिली की या दाव्यात काही उरतच नाही. १८९४ मध्ये बर्लिनला त्यानं धातूच्या पत्र्यावर कोरायला सुरुवात केली, मग दगडावर काढून छापायला, मग लाकडावर कोरायला. वुडकटमध्ये, म्हणजे लाकूड कोरून छापण्यात, दर रंगाला वेगळा ठोकळा करायचा आणि कागद पुन्हापुन्हा नेमका त्याच जागी बसवायचा, ही नेहमीची रीत. मुंकनं काय केलं? एकच फळी बारीक करवतीनं आकारांच्या कडेकडेनं कापली. किनाऱ्यावर पाठमोरे उभे असलेले पुरुष आणि स्त्री, हे १८९९ चं चित्र घ्या. त्यातले तुकडे सुटे करायचे, प्रत्येकाला वेगळी शाई लावायची, पुन्हा कोड्यासारखे जुळवायचे आणि एका दाबात छापायचं. करवतीच्या फटीची पांढरी रेघ दोघांच्या मधलं अंतर होऊन बसते. काही ठशांत लाकडाच्या शिरा तशाच उमटू दिल्यात. करवत, रोलर, शाईचा दाटपणा, ओलसर कागद, दाब : यातल्या एकाही गोष्टीला उन्माद चालत नाही. हात थरथरला की ठसा वाया.

‘आजारी मूल’ हा विषयही तसाच. थोरली बहीण सोफी १८७७ मध्ये पंधराव्या वर्षी क्षयानं गेली. आई त्याआधीच, १८६८ मध्ये, त्याच रोगानं. पहिलं चित्र १८८५-८६ चं. पुढच्या चाळीसेक वर्षांत रंगात सहा आवृत्त्या झाल्या. १८९६ मध्ये पॅरिसला ओग्युस्त क्लोच्या छापखान्यात त्यानं नुसता मुलीचा चेहरा अनेक दगडांवरून, रंगांचे मेळ बदलत छापला. दुःख खरं होतं यात वाद नाही. पण दुःख तर त्या घरात सगळ्यांनाच झालं होतं. चित्रं एकानंच काढली.

उपेक्षेचं थोडक्यात. १८९२ मध्ये बर्लिनच्या चित्रकार संघानं त्याचं प्रदर्शन आठवड्याभरात बंद पाडलं हे खरं. पण त्या गदारोळानंच जर्मनीत त्याचं नाव झालं, आणि याहून चांगली जाहिरात मिळाली नसती असं त्यानं घरी मावशीला कळवलं. १९१२ मध्ये कोलोनच्या मोठ्या प्रदर्शनात त्याला स्वतंत्र दालन होतं. याला उपेक्षा म्हणत नाहीत.

आता सगळ्यात अवघड मुद्दा. आजार आणि भीती नसती तर आपली कला नसती, अशा आशयाचं मुंकनं स्वतःच लिहून ठेवलंय, आणि हा मजकूर पसरवणारे त्याचाच आधार घेतात. ते वाक्य मी नाकारत नाही. पण माणूस स्वतःबद्दल जे म्हणतो ते त्याच्या कामावर पारखून घ्यावं. १९०८ मध्ये दारू आणि भासांनी पार खचल्यावर तो कोपनहेगनला डॉ. डॅनियल याकोबसन यांच्या रुग्णालयात दाखल झाला आणि तिथे सुमारे आठ महिने राहिला. तिथेच त्यानं ‘अल्फा आणि ओमेगा’ ही लिथोग्राफांची मालिका केली. बाहेर आल्यावर ऑस्लोच्या विद्यापीठाच्या सभागृहासाठी भव्य चित्रं केली, त्यातला समुद्रावर उगवणारा प्रचंड सूर्य १९१६ पासून तिथे आहे. कारखान्यातून घरी निघालेले मजूर, नांगराचे घोडे, स्पॅनिश फ्लूनंतरचं आत्मचित्र, हे सगळं त्या ‘संपलेल्या’ काळातलं. मृत्यूनंतर ऑस्लो शहराला त्यानं दिलेल्या ठेव्यात ११०० च्या आसपास रंगचित्रं आणि हजारो छापचित्रं निघाली. १९४३-४४ च्या हिवाळ्यात, ऐंशी वर्षांचा असताना, जुना मित्र हान्स येगर याच्या चेहऱ्याचा लिथोग्राफ तो नव्यानं करत होता.