'घरातलं घरात' हे आधी कोण म्हणालं?

भाचीने एम.ए.च्या प्रकल्पासाठी काळ्या अमेरिकन लेखिका ॲलिस वॉकर यांची 'द कलर पर्पल' ही कादंबरी निवडली आणि तिसऱ्याच दिवशी तिच्या मोबाइलवर 'वाचा आणि पुढे पाठवा' येऊन धडकलं. मजकूर थोडक्यात असा: ही कादंबरी म्हणजे गोऱ्यांना खूश करायला केलेली काळ्या पुरुषांची बदनामी, वंशद्वेषाशी लढताना घरातलं घरातच ठेवायचं असतं, आणि यातल्या बायकांचं 'जागं होणं' गोऱ्या स्त्रीवाद्यांकडून उसनं घेतलेलं. पोरगी विषय बदलायला निघाली. म्हणून हा खटाटोप.

घरातलं घरात? अहो, कादंबरी उघडते तीच या दमाने. देवाशिवाय कुणाला सांगू नकोस, तुझी आई मरेल. दम कुणाचा? चौदा वर्षांच्या सीलीवर बलात्कार करणाऱ्याचा, जो आपला बाप आहे असं ती समजते त्याचा. म्हणून ती देवाला पत्रं लिहीत बसते. मेसेजवाल्याने नेमका त्याचाच दम उचललाय, वर समाजहिताचा शिक्का मारून! पुढे नवरा अल्बर्ट तिच्या बहिणीची पत्रं वर्षानुवर्षं ट्रंकेत दडवतो. तेही घरातच राहिलं होतं की.

'उसनं' वाचून तर हसूच आलं. सावत्र मुलगा हार्पो विचारतो, बायको ऐकत नाही, काय करू? सीली सांगते, मार तिला. मग महिनाभर सीलीचा डोळ्याला डोळा लागत नाही. हार्पोची बायको सोफिया जाब विचारायला येते, चांगली खडाजंगी होते, शेवटी दोघी हसत सुटतात आणि फाटक्या पडद्यांची गोधडी शिवायला घेतात. यात गोरी बाई कुठे आहे? ती येते नंतर, महापौराची बायको, सोफियाला 'मोलकरीण होशील का' विचारायला. नकार ऐकून महापौर कानाखाली मारतो, सोफिया त्याला आडवा करते आणि तुरुंगात जाते. उसनंच शोधायचं तर वॉकर यांच्या आधीच्या काळ्या लेखिका झोरा नील हर्स्टन यांच्याकडे जा. त्यांची 'देअर आईज वेअर वॉचिंग गॉड' ही कादंबरी १९३७ची, आणि १९७३मध्ये त्यांच्या बेवारस कबरीवर दगड बसवला तो वॉकर यांनीच.

बदनामीचं म्हणाल तर एक कबूल. याच कादंबरीवरच्या १९८५च्या स्पीलबर्गच्या सिनेमाविरुद्ध काळ्या लोकांच्या संघटनांनी निदर्शनं केली होती. काळा पुरुष दाखवायचा तो जनावरासारखा, ही हॉलिवूडची जुनी खोड पाहता तो राग उगाच नव्हता. पण पुस्तकावर चिडायचं तर ते शेवटपर्यंत वाचा तरी. तिथे हाच अल्बर्ट ओसरीवर सीलीशेजारी सुईदोरा घेऊन बसतो. ती पँट शिवते, तो वर घालायचे शर्ट. मारकुट्या नवऱ्याला एवढं द्यायला मी तरी तयार झाले नसते.