कौल लावायचा तर असा

मुलगा, मुलगी, भाचा, पुतणी, कुणी ना कुणी अमेरिकेत आहेच. म्हणजे आज ना उद्या तुम्हीही सहा महिन्यांसाठी तिकडे जाणार. मेतकूट, भाजणी, लोणच्याची बरणी न्यालच, ते मी सांगायला नको. पण त्याहून उपयोगाची एक विद्या आहे, ती इथूनच शिकून जा. कौल लावायची विद्या.

ज्यांना कोकणातलं गाव नाही त्यांच्यासाठी सांगतो. देवळात पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतात. गुरव गाऱ्हाणं घालतो, मागून सगळा गाव 'होय म्हाराजा' म्हणतो. उजवी पाकळी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. माझे आजोबा भारी भाविक होते. तरीही एकदा पडवीत बसून ते हळूच म्हणाले होते, "कुठल्या पाकळीला किती पाणी लावायचं, ते देव ठरवत नाही रे."

अमेरिकेत हे देऊळ वॉशिंग्टनला आहे, नाव सुप्रीम कोर्ट. संगमरवरी आहे. गुरव नऊ, आणि नेमणूक तहहयात. देव म्हणजे दोन शतकांपूर्वी वारलेले घटनाकार. गर्भपातापासून कुठलाही प्रश्न त्यांच्यापुढे ठेवता येतो, पण बंदुकीच्या कौलाला जी गर्दी होते ती वेगळीच. "बा म्हाराजा, १७९१ साली तुझ्या मनात नेमकं काय होतं?" मग पाकळ्यांकडे बघत बसायचं.

आता पहिला धडा. अमेरिकेच्या घटनेतली दुसरी दुरुस्ती १५ डिसेंबर १७९१ ला मंजूर झाली. सगळी मिळून इंग्रजीत २७ शब्द. मराठीत साधारण असं होईल: सुनियंत्रित शिबंदी ही स्वतंत्र राज्याच्या सुरक्षेसाठी आवश्यक असल्यामुळे, लोकांच्या शस्त्रं बाळगण्याच्या व धारण करण्याच्या हक्कावर गदा आणली जाणार नाही. साध्या माणसाला वाटेल, हे शिबंदीबद्दल आहे. शेतकऱ्यांनी गरज पडेल तेव्हा बंदूक घेऊन राज्याच्या रक्षणाला यावं, कारण खड्या फौजेवर तेव्हाच्या लोकांचा विश्वास नव्हता. साध्या माणसाने गप्प बसावं. २७ पैकी पहिले १३ शब्द म्हणजे नमनाचं घडाभर तेल आहे. हे मी म्हणत नाही. २००८ साली हेलर खटल्यात न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी पाच विरुद्ध चार मतांनी हेच ठरवलं: पहिला भाग प्रास्ताविक, खरा हुकूम उरलेल्या १४ शब्दांत. प्रत्येक नागरिकाला घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवायचा घटनादत्त हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टाने तेव्हा पहिल्यांदा म्हटलं. मूळ अर्थ इतका स्वच्छ होता की तो सापडायला अवघी २१७ वर्षं लागली.

त्याआधी वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने तर दुसऱ्या स्वल्पविरामाचं बोट धरून हे दोन भाग वेगळे केले होते. आता काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, संमत केलेल्या प्रतीत स्वल्पविराम तीन आणि तेव्हाचे परराष्ट्रमंत्री जेफर्सन यांच्या सहीने राज्यांकडे गेलेल्या प्रतीत एकच, असल्या चौकशा तुम्ही करू नका. आपल्याकडे 'ध'चा 'मा' करायला निदान एक अक्षर तरी खोडावं लागलं होतं. स्कॅलियासाहेबांनी 'शस्त्र' शब्दाचा अर्थ पाहायला जो शब्दकोश उघडला, त्याची आवृत्ती योगायोगाने त्या 'ध'चा 'मा'च्याच सालची, १७७३ ची.

कुणी आगाऊपणे विचारेल की घटनाकारांच्या वेळी ठासणीची बंदूक होती, कसलेल्या माणसाचेसुद्धा मिनिटाला तीनेक बार व्हायचे. मग आजच्या रायफलींचं काय? या प्रश्नाला स्कॅलियांनी जवळपास पोरकट ठरवून ठेवलंय, तुम्हीही तसंच हसा. शब्दांचा अर्थ १७९१ चा घ्यायचा, हत्यार मात्र चालू मॉडेलचं.

दुसरा धडा पुराव्याचा, आणि इथे हात बसायला वेळ लागतो. २०२२ साली ब्रूएन खटल्यात न्यायमूर्ती थॉमस यांनी विधीच बदलून टाकला. बंदुकीवरचा कुठलाही निर्बंध टिकवायचा असेल तर लोकांचा जीव वाचतो की नाही हे बघायचंच नाही. जुन्या काळी तसा कायदा होता का, एवढंच बघायचं. न्यूयॉर्कने आपला शंभर वर्षांहून जुना कायदा पुढे केला. बाहेर पिस्तूल घेऊन फिरायचं तर सबळ कारण दाखवा, असं तो म्हणायचा. शंभर वर्षं म्हणजे कालचं पोर, तो रद्द. इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डचा १३२८ चा कायदा कुणी काढला, तर तो फार जुना. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे कायदे काढले, तर ते फार उशिराचे. फणसासारखं आहे हे. कोवळा चालत नाही, पिकून फुटलेलाही चालत नाही, आणि नेमका कधी उतरवायचा ते बागवाल्यालाच कळतं.

हा निकाल २३ जूनचा. त्याच्या बरोबर ३० दिवस आधी टेक्सासमधल्या युव्हाल्डी गावच्या प्राथमिक शाळेत एकाने रायफल घेऊन १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या होत्या. विधीत ही गोष्ट बसत नाही. १७९१ साली असं काही होत नव्हतं, त्यामुळे त्याला आळा घालणारा कायदाही नव्हता, आणि कायदा नव्हता म्हणजे परंपरा नाही.

हे तर्कशास्त्र पुढे एका अपील कोर्टाने मनापासून पाळलं. बायकोला किंवा मैत्रिणीला मारहाण केली म्हणून ज्याच्यावर कोर्टाचा संरक्षण-आदेश आहे, अशा माणसाला बंदूक ठेवता येणार नाही, हा कायदा त्यांनी २०२३ साली घटनाबाह्य ठरवला. बरोबरच आहे, घटनाकारांच्या काळी असा कायदा सापडत नाही. सापडेल कसा? घरातली मारहाण तेव्हा कोर्टापर्यंत जायचीच कुठे? २०२४ साली रहीमी खटल्यात सुप्रीम कोर्टाने आठ विरुद्ध एक मतांनी हा निकाल फिरवला आणि सांगितलं की हुबेहूब जुना नमुना नको, तत्त्व जुळलं तरी पुरे. विरोधात एकटे कोण, तर थॉमस. ज्याने पोथी लिहिली त्याच्या मते बाकी आठांना पोथी वाचता आली नाही. मला तर वाटतं त्यांचंच बरोबर असावं.

आता काय बोलू नये, तेही बघून ठेवा. जेवणाच्या टेबलावर पुढल्या गोष्टी निघाल्या तर पटकन बटाट्याची भाजी पुढे करायची.

बॉस्टनचा विषय काढू नका. आगीच्या भीतीने तिथे १७८३ सालीच घरात भरलेली बंदूक आणायला बंदी होती.

पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टनसाहेब, त्यांच्याबद्दलही जपून. नागरिकांकडे बंदुका हव्यात, कारण सरकार जुलमी झालं तर उठाव करता येईल, असं तुमचा यजमान म्हणेल. दारूवरच्या कराविरुद्ध पेनसिल्व्हेनियातल्या शेतकऱ्यांनी १७९४ साली नेमकं तेच करून पाहिलं. वॉशिंग्टन १३ हजारांच्या आसपास शिबंदी गोळा करून स्वतः घोड्यावर बसून त्यांच्यावर चालून गेले. सुनियंत्रित शिबंदी कशासाठी असते, याचं इतकं स्वच्छ प्रात्यक्षिक पुन्हा झालं नाही, पण ते नमनाच्या तेलात गेलं.

सगळ्यांत वाईट ती व्हर्जिनिया विद्यापीठाची भानगड. ऑक्टोबर १८२४ मध्ये तिथल्या नियामक मंडळाने विद्यार्थ्यांसाठी नियम केले. आवारात दारू आणायची नाही, कुठल्याही प्रकारचं हत्यार किंवा बंदुकीची दारू बाळगायची नाही, नोकर, घोडा आणि कुत्रा ठेवायचा नाही. मंडळाच्या त्या बैठकीला थॉमस जेफर्सन आणि जेम्स मॅडिसन दोघेही हजर होते. म्हणजे ही दुरुस्ती ज्याने काँग्रेसमध्ये मांडली तो मॅडिसन! आता देवानेच आपल्या अंगणात असं केलं म्हटल्यावर गुरवाने काय करावं? कुत्र्याचा नियम तेवढा वाचून दाखवावा आणि हसावं.

मॅडिसनच्या वाटेला एकूणच जाऊ नये. १७८७ च्या घटना परिषदेत त्याने रोजच्या रोज टिपणं काढली, आणि जिवंतपणी छापू दिली नाहीत. तो १८३६ साली वारला, टिपणं आली १८४० साली. १७९६ साली तर त्याने काँग्रेसमध्ये उभं राहून सांगितलं की परिषदेत आमच्या मनात काय होतं ते घटनेचा अर्थ लावायला प्रमाण मानू नका. ज्या पाषाणाला पाकळ्या लावायच्या तोच म्हणतोय, मला विचारू नका!

निवृत्त गुरवांपासूनही लांब राहा. वॉरेन बर्गर हे निक्सनने नेमलेले सरन्यायाधीश. १९९१ साली ते टीव्हीवर म्हणाले की दुसऱ्या दुरुस्तीच्या नावाखाली हितसंबंधी गटांनी अमेरिकन जनतेची मोठी फसवणूक केली आहे. पद गेलं की माणूस असा सुटतो.

'लोक' म्हणजे कोण, हा प्रश्न तर आपल्यासारख्या सावळ्या पाहुण्यांनी मुळीच विचारू नये. १७९२ च्या कायद्याने शिबंदीत नाव घालायचं होतं ते १८ ते ४५ वयाच्या स्वतंत्र गोऱ्या पुरुषांनी. प्रत्येकाने बंदूक, २४ काडतुसं आणि दोन जादा गारगोट्या स्वखर्चाने आणायच्या. १९६७ साली कॅलिफोर्नियात काळे तरुण भरल्या बंदुका घेऊन विधानभवनात शिरले, तेव्हा भरली बंदूक घेऊन उघड्यावर फिरायला बंदी घालणाऱ्या कायद्यावर सही कुणी केली? गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी. त्या दिवशी पाकळी डावी पडली.

तुमच्या लक्षात आलं असेल की देवळात एक नियम मात्र कडक आहे. हेलरच्या निकालातच लिहिलंय, शाळा आणि सरकारी इमारती अशा संवेदनशील जागी बंदुकीला मनाई करता येते. सुप्रीम कोर्टाच्या दारात चपलांसारखी बंदूक बाहेर ठेवूनच आत जावं लागतं. देशात माणसांपेक्षा नागरिकांच्या बंदुका जास्त आहेत, २०१७ च्या अंदाजाने ३९ कोटींवर, तेव्हा बाहेर ठेवायला जागा मोठी लागणार. २०२१ या एका वर्षात तिथे ४८,८३० माणसं बंदुकीने गेली. निम्म्याहून जास्त आत्महत्या. पण आकडे सांगितले की विधीत विघ्न येतं.

कुणी तुमच्याच देशाचं काढलं तर? आपली माणसं खंडेनवमीला लॅपटॉपला कुंकू लावतात, एवढंच सांगून वेळ मारून न्या. डिसेंबर १९४८ चं बोलू नका. ह. वि. कामथ यांनी संविधान सभेत शस्त्रं बाळगण्याचा हक्क मागितला होता, १९३१ च्या कराची ठरावात तो होताही. डॉ. आंबेडकरांनी उत्तर दिलं की बाजारात जाऊन कुणीही वाटेल ती हत्यारं बेलाशक विकत घेऊ लागला तर राज्यकारभार कसा चालेल, हे आपल्या कल्पनेत बसत नाही. कौल नाही, पाकळी नाही, सरळ नकार. वर २५ नोव्हेंबर १९४९ ला त्याच सभागृहात त्यांनी जेफर्सनचं वचन वाचून दाखवलं: एका पिढीने पुढल्या पिढीला बांधून ठेवायचा हक्क नाही. जेफर्सनने तर मॅडिसनला पत्रात लिहिलं होतं की कुठलीही घटना १९ वर्षांनी आपोआप संपावी. देवाचं हे बोलणं आपल्या माणसाने ऐकलं, त्याच्या गावात ऐकू आलं नाही.

एवढं पाठ केलंत की तुम्ही तयार. शाळेत पुन्हा कुठे काही घडलं की टीव्हीवर गाऱ्हाणं सुरू होईल, सगळे नेते माना खाली घालतील. तुम्हीही हात जोडून 'होय म्हाराजा' म्हणा. पण नात पहिलीत असेल तर तिला तेवढं शिकवू नका. त्यांच्या वर्गात सराव असतो: दिवा बंद, दाराला कडी, सगळ्यांनी कोपऱ्यात भिंतीला चिकटून बसायचं. आणि बाईंनी बजावलेलं असतं, कुणी हाक मारली तरी आवाज करायचा नाही.