टॉर्सन डिफरन्शियल आणि हवेतलं चाक: एक खुलासा

‘टॉर्सन बसवा, एक चाक हवेत गेलं तरी सगळी ताकद दुसऱ्या चाकाला जाते’ असं सध्या सर्रास सांगितलं जातं. हे चुकीचं आहे, आणि त्यावर विसंबून लोक मोठा खर्च करतात म्हणून लिहितोय.

डिफरन्शियल म्हणजे इंजिनाची ताकद डाव्या-उजव्या चाकांत वाटणारा आणि वळणावर त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच. टॉर्सन हा त्यातला गिअरवर चालणारा लिमिटेड स्लिप, म्हणजे एका चाकाचं घसरणं मर्यादित ठेवणारा, प्रकार. तो कमी पकड असलेल्या चाकाचा टॉर्क (फिरवणारा जोर) ठरावीक पटीने वाढवून दुसऱ्याला देतो. समजा ही पट अडीच आहे. घसरणारं चाक १०० न्यूटन मीटर पेलत असेल, तर दुसऱ्याला २५० पर्यंत मिळतील. पण चाक हवेत असेल तर ते पेलतं जवळपास शून्य, आणि शून्याची अडीच पट शून्यच! अंतर्गत घर्षणामुळे थोडाफार टॉर्क पोचतो, तेवढाच. अशा वेळी ब्रेक हलका दाबला की हवेतल्या चाकावर भार येतो आणि दुसरं चाक ओढू लागतं. ही युक्ती खरी आहे.

१९९४ मध्ये माझदाने १.८ लिटरच्या एमएक्स-५ या स्पोर्ट्स कारला टॉर्सन दिला, तो चारही चाकं जमिनीवर असलेल्या रस्त्यासाठी. तिथे तो फारच छान: आवाज नाही, झिजणारा क्लच नाही.

सस्पेन्शन इतकं कडक केलंय की वळणावर आतलं चाक उचलतं? मग प्रीलोड असलेला क्लच पॅकचा डिफरन्शियल बघा, म्हणजे ज्यात क्लचच्या चकत्या आधीपासूनच दाबून ठेवलेल्या असतात, त्यामुळे एक चाक हवेत असलं तरी दुसऱ्याला काही टॉर्क मिळतो. त्याला योग्य ऑइल लागतं, क्लचही झिजतात.

वेल्ड केलेला, म्हणजे दोन्ही चाकं कायम एकाच वेगाने फिरवणारा, डिफरन्शियल मात्र रोजच्या गाडीत नकोच. ओल्या रस्त्यावर, घट्ट वळणात तो गाडी सरळ ढकलतो.