‘विचारत बसू नका, आपलाच ब्राउझर बसवून द्या’ : एका लोकप्रिय सल्ल्याचा प्रतिवाद

शेजाऱ्याचा जुना ब्राउझर रडतखडत चालू लागला किंवा घरात नवा संगणक आला, की तो ओळखीतल्या जाणकाराला विचारतो, ‘‘मी कोणता ब्राउझर वापरू?’’ या प्रश्नाचे एक तयार उत्तर सध्या जाणकारांमध्ये फार लोकप्रिय झाले आहे. ते थोडक्यात असे : विचारपूस करत बसू नका, सामान्य माणसाला निवड नको असते, उत्तर हवे असते. तुम्ही स्वतः वापरता तोच ब्राउझर त्याच्या संगणकावर बसवून द्या, म्हणजे पुढे अडचण आली तर मदत करणे तुम्हालाच सोपे जाईल. तसेही आतून सगळे ब्राउझर एकच आहेत, आणि जो काही फरक उरतो तो गोपनीयतेचा, जो त्याला कळत नाही पण तुम्हाला कळतो. तोच डीफॉल्ट (दुवा दाबला की आपोआप उघडणारा) करा, जुना काढून टाका, नाही आवडला तर तो बदलेलच.

हा सल्ला देणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, आणि त्यातले एक-दोन मुद्दे बिनबुडाचेही नाहीत. तरीही तो जसाच्या तसा पाळला तर मदत मागणाऱ्याचा प्रश्न बाजूला राहतो आणि मदत करणाऱ्याची आवड तेवढी त्याच्या संगणकावर जाऊन बसते. म्हणून त्यातला एकेक दावा तपासून पाहू.

पहिला दावा निवडीबद्दलचा आहे. शेजाऱ्याला ब्लिंक आणि गेको या इंजिनांतला, म्हणजे वेबपान पडद्यावर उभे करणाऱ्या ब्राउझरच्या आतल्या यंत्रणांतला, फरक समजून घ्यायचा नसतो, हे खरेच आहे, आणि त्याच्यापुढे आठ ब्राउझरांचा तुलनात्मक तक्ता मांडणे हा निव्वळ छळ आहे. पण त्याला काही विचारूच नये, असे त्यावरून ठरत नाही. ब्राउझरांची माहिती आपल्याकडे असते, तर तो ब्राउझर कशासाठी आणि कसा वापरला जाणार ही माहिती फक्त त्याच्याकडे असते, आणि निर्णयाला दोन्ही लागतात. त्याचा फोन कोणता आहे, पासवर्ड आज कुठे साठवलेले आहेत, तोच संगणक घरात आणखी कोण वापरते, वाचताना अक्षरे मोठी करावी लागतात का, आणि आजच्या ब्राउझरचा नेमका कशाचा वैताग येतो, हे सगळे सहज गप्पा मारता मारता विचारून होते, आणि उत्तर द्यायला कसलेही तांत्रिक ज्ञान लागत नाही.

यातला वैतागाचा प्रश्न तर कधीच वगळू नये, कारण पुष्कळदा त्याच्या उत्तरातून असे निघते की ब्राउझर बदलण्याची गरजच नाही. स्क्रीनच्या कोपऱ्यात दिवसभर ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे’ अशा पाट्या येत असतील, तर बहुतेक वेळा त्याचे कारण एवढेच असते, की कधीतरी कुठल्याशा साइटने विचारलेल्या प्रश्नावर ‘अलाउ’चे बटण दाबले गेले आणि तिला नोटिफिकेशन पाठवण्याची मुभा मिळाली. सेटिंग्जमध्ये जाऊन ती मुभा काढून घेतली की पाट्या थांबतात. सर्च भलत्याच ठिकाणी जात असेल, तर एखादे नको असलेले एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडला जाणारा छोटा प्रोग्राम) घुसले आहे का ते पाहावे. अशा वेळी नवा ब्राउझर बसवून दिला तर तक्रार काही काळ मिटते, आणि तीच सवय नव्या ब्राउझरातही कायम असल्याने महिन्याभरात परत उगवते.

प्रश्न विचारण्यापेक्षाही बाजूला बसून पाहणे अधिक उपयोगाचे, असे माझे मत आहे. ‘‘काकू, तुम्ही रोज मेल कशी उघडता, तेवढं एकदा करून दाखवा,’’ एवढे म्हणावे आणि माउसला हात न लावता गप्प बसावे. काकू ॲड्रेस बारकडे ढुंकूनही पाहत नाहीत, बुकमार्क हा प्रकार त्यांनी कधी वापरलेला नाही; त्या नवा टॅब उघडतात आणि दुसऱ्या ओळीतल्या तिसऱ्या चौकोनावर क्लिक करतात, कारण नेहमीच्या साइट ब्राउझरने आपणहून तिथे मांडून ठेवल्या आहेत. त्यांच्या लेखी मेल म्हणजे तो चौकोन. नव्या ब्राउझरात ती जागा एक तर रिकामी असते, नाही तर जाहिरातवजा दुव्यांनी भरलेली असते, आणि संध्याकाळी फोन येतो, ‘‘अरे, माझी मेल गेली.’’ मेल कुठेही गेलेली नसते. पण बदल करण्यापूर्वी दोन मिनिटे पाहिले असते, तर तो चौकोन नव्या ठिकाणी आधीच लावून देता आला असता, किंवा बदलच टाळता आला असता.

दुसरा दावा, म्हणजे ‘मला माहीत असलेला ब्राउझर असेल तर मदत सोपी जाईल’, हा या सल्ल्यातला सर्वांत वजनदार मुद्दा आहे. फोनवरून ‘उजवीकडे वर तीन टिंबे दिसतात का?’ असे विचारणाऱ्याला ती टिंबे कुठे असतात हे पाठ असलेले बरे असते. पण या युक्तिवादात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : अडचण आल्यावर शेजारी आपल्यालाच फोन करणार. प्रत्यक्षात तो आधी आपल्या मुलीला किंवा नातवाला विचारत असेल, आणि ती मंडळी दुसराच ब्राउझर वापरत असतील, तर याच न्यायाने त्यांचा ब्राउझर योग्य ठरतो. शिवाय इतिहास पुसणे, पॉप-अपला परवानगी देणे, डाउनलोड झालेली फाइल शोधणे, पान मोठे करणे ही नेहमीची कामे सगळ्या प्रमुख ब्राउझरांत थोड्याफार फरकाने सारखीच आहेत, आणि कंट्रोलसोबत अधिकचे चिन्ह दाबून पान मोठे करण्याची युक्ती विंडोजवर कुठेही चालते. आपली सोय हा मुद्दा असेल तर तो उघडपणे सांगावा : ‘‘हा मला नीट माहीत आहे, त्यामुळे मदत करायला मला सोपा जाईल.’’ मग त्याला किती महत्त्व द्यायचे, ते शेजारी ठरवेल. आक्षेप आहे तो आपली सोय त्याचे हित म्हणून खपवण्याला.

‘आतून सगळे सारखेच’ हा दावा अर्धा बरोबर आहे. ऑपेराने २०१३ मध्ये स्वतःचे इंजिन सोडले, मायक्रोसॉफ्टच्या एजने जानेवारी २०२० मध्ये आपले सोडले, आणि आज क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी हे सगळे क्रोमियम या एकाच मुक्त प्रकल्पावर उभे आहेत. फायरफॉक्सचे गेको आणि सफारीचे वेबकिट ही इंजिने वेगळी आहेत. गंमत म्हणजे हा दावा सर्वाधिक खरा ठरतो तो आयफोनवर, कारण तिथे ॲपलच्या नियमामुळे ब्राउझरचे नाव काहीही असले तरी आत वेबकिटच असते. युरोपीय संघात मार्च २०२४ पासून त्याला अपवाद करण्यात आला.

मात्र शेजाऱ्याचा दिवस इंजिनावर अवलंबून नसतो. त्याचा संबंध येतो तो इंजिनाभोवती रचलेल्या गोष्टींशी : पासवर्ड आणि बुकमार्क कोणत्या खात्यातून फोनवर पोहोचतात, जाहिराती अडवण्याची सोय आतच आहे की वेगळी बसवावी लागते, आणि लेख वाचताना आजूबाजूचा पसारा हटवता येतो का. मॅक आणि आयफोन दोन्ही वापरणाऱ्याचे पासवर्ड सफारीत आपोआप दोन्हीकडे दिसतात. अँड्रॉइड फोन आणि गुगलचे खाते असणाऱ्याला तीच सोय क्रोममध्ये मिळते. यूब्लॉक ओरिजिन हा लोकप्रिय ॲड-ब्लॉकर, गुगलने एक्स्टेन्शनांचे नियम बदलल्यामुळे, क्रोममधून बाद झाला आणि त्याची कमी ताकदीची ‘लाइट’ आवृत्ती तेवढी उरली. फायरफॉक्समध्ये मूळ एक्स्टेन्शन चालू आहे. अँड्रॉइड फोनवर फायरफॉक्सला एक्स्टेन्शन जोडता येतात, क्रोमला येत नाहीत. जाहिरातींनी जेरीस आलेल्या माणसाला हा फरक मोठा वाटेल, आणि ज्याला त्या डोळ्याआड करण्याची सवय झाली आहे त्याला काहीच वाटणार नाही. दृष्टी अधू असलेल्या शेजाऱ्याच्या बाबतीत तर त्याचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम, कोणत्या ब्राउझरात नीट बोलतो, याच्यापुढे बाकीचे सगळे निकष गौण ठरतात, आणि ते त्याने स्वतः वापरून पाहिल्याशिवाय कळणारही नाही.

आता गोपनीयता. ‘त्याला कळत नाही, म्हणून त्याच्या भल्यासाठी मी ठरवतो’ हे वाक्य जाणकारांच्या तोंडी इतके सहज येते, की त्यातला आगाऊपणा त्यांच्या लक्षातही येत नाही. फरक आहेत, आणि ते सांगितलेच पाहिजेत. सफारीने मार्च २०२० पासून त्रयस्थ कंपन्यांच्या कुकी (आपली ओळख लक्षात ठेवण्यासाठी साइट ब्राउझरात ठेवतात त्या छोट्या नोंदी) सरसकट अडवल्या. फायरफॉक्सने जून २०२२ मध्ये प्रत्येक साइटच्या कुकी वेगळ्या डब्यात ठेवण्याची व्यवस्था सर्वांसाठी आपोआप चालू केली. गुगलने जानेवारी २०२० मध्ये क्रोममधून त्रयस्थ कुकी हटवण्याचा मनोदय जाहीर केला आणि जुलै २०२४ मध्ये तो मागे घेतला. ही माहिती दोन-तीन साध्या वाक्यांत देता येते : ‘‘हा ब्राउझर जाहिरात कंपन्यांना तुमचा माग काढायला कमी वाव देतो. कधीकधी त्यामुळे एखादी साइट नीट चालत नाही, पैसे भरण्याची खिडकी उघडत नाही. तेव्हा इथे ढालीच्या चिन्हावर क्लिक करून त्या साइटपुरती अडवणूक बंद करावी लागते.’’ एवढे ऐकून शेजारी म्हणाला, की मला पैसे भरताना कटकट नको, तर ते त्याचे अज्ञान मानण्याचे कारण नाही. त्याने तोलून पाहिले आणि त्याचा तोल आपल्यापेक्षा वेगळ्या बाजूला गेला, इतकेच.

जे लोक दिवसभर एकाच कंपनीच्या खात्यात लॉगिन राहून तिचीच मेल, नकाशे आणि व्हिडिओ वापरतात, त्यांच्या माहितीचा मोठा भाग ब्राउझर बदलूनही त्या कंपनीकडे जातच राहतो, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. इन्कॉग्निटो या ब्राउझरच्या खासगी खिडकीबद्दलचा गैरसमजही याच बैठकीत दूर करावा. त्या खिडकीतला इतिहास आपल्या संगणकावर राहत नाही, पण साइटला, इंटरनेट पुरवणाऱ्याला आणि कार्यालयाच्या नेटवर्कला भेट दिसू शकते. याच मुद्द्यावर अमेरिकेत २०२० मध्ये गुगलवर दावा दाखल झाला, आणि २०२४ मधल्या तडजोडीत कंपनीने अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले.

‘नाही आवडला तर तो बदलेलच’ हे तर सरळसरळ चुकीचे आहे, आणि ते चुकीचे असल्याचे बाजाराला फार पूर्वी कळलेले आहे. अमेरिकेतल्या मक्तेदारीच्या खटल्यात असे बाहेर आले, की ब्राउझरांत आणि फोनांवर आपले सर्च इंजिन डीफॉल्ट असावे म्हणून गुगलने २०२१ या एका वर्षात २६०० कोटी डॉलरहून अधिक रक्कम मोजली. लोक आपल्या मनाने बदल करत असते, तर एवढा पैसा कोणी ओतला नसता. युरोपात मार्च २०१० पासून विंडोजवर ब्राउझर निवडण्याची खिडकी दाखवणे मायक्रोसॉफ्टला भाग पडले. पहिल्या पाच नावांचा क्रम दरवेळी यादृच्छिक असायला हवा होता, पण सुरुवातीला प्रोग्राममधल्या चुकीमुळे तो तसा नव्हता, हे उघड झाल्यावर तो दुरुस्त करावा लागला. नावे कोणत्या क्रमाने येतात एवढ्या गोष्टीवरून तिथे वाद झाला. घरी शेजाऱ्यासमोर आपण पहिले नाव कोणते घेतो, कोणत्या नावाला आवाज चढतो आणि कोणत्या नावाला नाक मुरडतो, याचाही परिणाम होतोच. दोनच पर्याय मांडावेत, दोन्हींच्या बाजूने एकेक खरे कारण सांगावे, आणि त्याने विचारले तरच आपली पसंती सांगावी. विचारले तर मात्र आढेवेढे न घेता सांगावी. मत लपवून तटस्थतेचा आव आणणेही बरे नव्हे.

एका बाबतीत मात्र मी पसंतीची भाषा वापरणार नाही. ज्या ब्राउझरला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे बंद झाले आहे, तो ‘मला सवय आहे’ या कारणावर चालू ठेवावा असे म्हणता येत नाही, आणि ते शेजाऱ्याला स्पष्ट शब्दांत सांगावे. इंटरनेट एक्सप्लोरर ११ चा आधार विंडोज १० च्या बहुतेक आवृत्त्यांवर १५ जून २०२२ रोजी संपला. विंडोज ७ आणि ८.१ वर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती ठरली. फायरफॉक्सच्या ११५ या आवृत्तीला दीर्घ मुदतीच्या शाखेतून त्यानंतरही दुरुस्त्या मिळत राहिल्या, पण तो तात्पुरता टेकू होता. अशा संगणकावर खरा प्रश्न ब्राउझरचा नसून विंडोजचा असतो.

राहता राहिला ‘जुना काढून टाका’ हा आदेश. मॅकवरचा सफारी हा प्रणालीचाच भाग असल्याने तो काढताच येत नाही, आणि जिथे काढता येतो तिथेही घाई करू नये. नव्या ब्राउझरात बुकमार्क आणि इतिहास आयात होतात, पण साइटवरचे लॉगिन आणि साइटना दिलेल्या परवानग्या सहसा येत नाहीत, त्यामुळे काही आठवडे दोन्ही शेजारी शेजारी राहू द्यावेत. पासवर्ड थेट आयात झाले नाहीत, तर ते जुन्या ब्राउझरातून सीएसव्ही फाइल काढून न्यावे लागतात. त्या फाइलला कुलूप नसते. साध्या नोटपॅडमध्ये उघडली तरी सगळे पासवर्ड ओळीने वाचता येतात, आणि ती बहुधा डाउनलोड फोल्डरमध्ये तशीच पडून राहते. पासवर्ड नव्या ठिकाणी आल्याची खात्री झाली, की ती शेजाऱ्याच्या देखत पुसावी आणि रिसायकल बिनही रिकामा करावा.