ट्रान्सफरला एसएटी लागते, असं कुणी सांगितलं?

बे एरियातल्या मराठी पालकांच्या ग्रुपांवर फिरणारा तो मेसेज मला तीनदा आला आणि तिन्ही वेळा मी तो पुसला. चौथ्यांदा तो ताईच्या फोनवरून आला, तेव्हा मात्र डोकं फिरलं. भाचा डी अँझा या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) दुसऱ्या वर्षाला आहे, मेकॅनिकलसाठी यूसीच्या, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या, बर्कली कॅम्पसला ट्रान्सफर हवीय, म्हणजे थेट तिसऱ्या वर्षाला प्रवेश.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: ट्रान्सफरला एसएटीत (अमेरिकेतली कॉलेज-प्रवेशाची परीक्षा) १६०० पैकी १५०० हवेतच, हार्वर्ड-एमआयटीने परीक्षा परत आणली म्हणजे सगळ्यांनीच आणली, कम्युनिटी कॉलेजच्या ग्रेड कुणी धरत नाही. म्हणून एक क्वार्टर (साधारण तीन महिन्यांचं सत्र) कमी कोर्स घ्या आणि एसएटीची तयारी करा. खाली हात जोडलेले आणि 'खात्रीशीर माहिती'.

शेवटचा सल्ला आधी घेते, कारण भाच्याने विंटर क्वार्टरचं फिजिक्स सोडायचं जवळजवळ ठरवलं होतं! अरे, ट्रान्सफरला ६० सेमिस्टर युनिट्स (कोर्सचे क्रेडिट) लागतात, डी अँझासारख्या क्वार्टरवाल्या कॉलेजात ९०, आणि तीही स्प्रिंग संपायच्या आत. फिजिक्सचे कोर्स एकामागून एक घ्यावे लागतात. विंटरचा सोडला की स्प्रिंगचा घेता येत नाही, आणि इंजिनिअरिंगला नेमके तेच मागतात. वर अर्जात पुढच्या दोन क्वार्टरचे कोर्स लिहून दिलेले असतात, जानेवारीत त्यांचा ताजा हिशोब यूसीला कळवावा लागतो. तिथे काय लिहायचं, एसएटीचा क्लास लावला म्हणून फिजिक्स सोडलं?

शनिवारी त्याला शेजारी बसवून असिस्टची वेबसाइट उघडली. एका बाजूला बर्कलीचा कोर्स, दुसऱ्या बाजूला त्याच्या जागी चालणारा डी अँझाचा. गणित, फिजिक्स, केमिस्ट्री असं एकेक बोट ठेवून वाचलं. "मावशी, एसएटी कुठेय यात?" तोच म्हणाला. नव्हतीच.

असेल कशी? २१ मे २०२० ला यूसीच्या रीजंट्सनी, म्हणजे तिच्या नियामक मंडळाने, २३ विरुद्ध ० मतांनी एसएटी आणि तिच्यासारखीच एसीटी टप्प्याटप्प्याने काढून टाकायचं ठरवलं. आता प्रवेशाला आणि स्कॉलरशिपला ते स्कोअर बघतच नाहीत. 'ऐच्छिक' नव्हे, बघतच नाहीत. १५५० पाठवा नाहीतर ९५०, सारखंच. प्रवेश मिळाल्यावर कुठल्या लेव्हलच्या कोर्सला बसवायचं यासाठी फार तर उपयोग. आणि हा सगळा वाद बारावीनंतर येणाऱ्या मुलांचा होता. ट्रान्सफरवाल्यांना यूसी आधीपासूनच कॉलेजच्या ग्रेडवर जोखते.

त्यामुळे 'ग्रेड कुणी धरत नाही' याला फार वेळ देत नाही. यूसीला ट्रान्सफर होणाऱ्या दहांतली नऊहून जास्त मुलं कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांतलीच असतात. इथल्या रहिवाशांना किमान २.४ जीपीए (ग्रेडची सरासरी, ४ पैकी) लागतो, आणि बर्कलीच्या इंजिनिअरिंगला त्याच्या कितीतरी वर. ग्रेड धरत नसते तर हे आकडे कशाला?

आता एक मान्य करावं लागतं, मनात नसलं तरी. एमआयटीने २०२२ मध्ये परीक्षा परत आणली आणि ती ट्रान्सफरवाल्यांनाही लागते. हार्वर्डनेही २०२४ मध्ये परत आणायचं जाहीर केलं. तुमचं मूल तिथे अर्ज करणार असेल तर त्या कॉलेजचं पान उघडून वाचा आणि जे लिहिलंय ते करा. पण एमआयटी ट्रान्सफरने घेते अगदी मोजकी मुलं. तेवढ्यांचा नियम अख्ख्या कॅलिफोर्नियाच्या गळ्यात कशाला बांधायचा?

हे सगळं ताईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "अगं, पण ज्यांनी पाठवलाय त्यांचा मुलगा स्टॅनफर्डला आहे."

"आहे ना. बारावीनंतर थेट गेला. ट्रान्सफर केलीच नाही त्याने."

थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग पलीकडून, फोन बाजूला धरून: "अरे ए, त्या फिजिक्सचं रजिस्ट्रेशन कधी उघडतंय?"