रिलायन्स भंगारात गेली, मग हेरेशॉफचं उरलं काय? (एका कमेंटला उत्तर)

नमस्कार. कमेंट खरमरीत आहे पण मुद्द्याची आहे, म्हणून दोन ओळीत न उरकता जरा सविस्तर लिहितोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात, हेरेशॉफ बंधूंवरच्या माझ्या लेखाबद्दल यांचं म्हणणं असं की अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या ब्रिस्टल गावचा हा शिडाच्या बोटींचा कारखाना म्हणजे जे. पी. मॉर्गनसारख्या धनदांडग्यांना खेळणी पुरवणारं दुकान, त्यांची सगळ्यात गाजलेली शर्यतीची बोट रिलायन्स 1903 चा एक सीझन पळाली आणि 1913 ला भंगारात गेली, 1924 ला कंपनीचाच लिलाव झाला, आणि इकडे वाडियांनी मुंबईत 1817 ला सागवानात बांधलेली ट्रिंकोमाली अजून इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे, मग कौतुक कुणाचं करायचं?

ट्रिंकोमालीशी माझं काही भांडण नाही हो. पण ती युद्धनौका, तोफा घेऊन वर्षानुवर्षं समुद्रात राहायला बांधलेली. रिलायन्सला फक्त अमेरिका कप या शिडाच्या बोटींच्या शर्यतीत शॅमरॉक थ्रीला हरवायचं होतं (चहावाल्या सर थॉमस लिप्टनची बोट ती), आणि तिने तीन-शून्य हरवलं. नियम असा होता की पाण्याच्या रेषेवरची लांबी 90 फुटांच्या आत पाहिजे, आणि ती मोजायची बोट सरळ उभी असताना. मग धाकट्या भावाने, नॅट हेरेशॉफने, पुढचं-मागचं टोक पाण्यावर असं लांबलचक काढलं की वाऱ्याने बोट कलली की ती टोकं पाण्यात यायची, लांबी आपोआप वाढायची आणि लांबीबरोबर वेगही. वर 16,000 चौरस फुटांहून जास्त शीड, अंगाला ब्राँझचा पत्रा, आत स्टीलच्या बरगड्या, चालवायला साठच्या वर माणसं. असली बोट सांभाळून ठेवणार कोण? उधळपट्टी होतीच, त्यात वादच नाही. पण ते नॅटलाही कळत होतं, कारण लांबी, शीड आणि वजन असं सगळं एकत्र धरून मोजणारा युनिव्हर्सल रूल न्यूयॉर्क यॉट क्लबला त्यानेच आखून दिला, म्हणजे ज्या पळवाटेतून रिलायन्स निघाली ती बुजवणाराही तोच. पुढच्या जे क्लास बोटी (1930 च्या दशकातल्या कपच्या मोठ्या बोटी) याच नियमातल्या.

मला खरं कौतुक आहे ते कारखान्याचं, आणि त्यावर तुम्ही एक शब्द काढला नाहीत. थोरला भाऊ जॉन, मिसरूड फुटायच्या वयात दृष्टी गेलेली. 1878 ला दोघांनी कंपनी काढली, त्यात गिऱ्हाइकाशी बोलणी, खरेदी, हिशेब सगळं जॉनकडे, बोटीची किंमत तो तोंडी काढायचा. नॅट आधी कागदावर चित्र काढत बसायचा नाही, लाकडात अर्धं मॉडेल कोरायचा, म्हणजे बोट मधोमध उभी चिरली तर जी एक बाजू मिळेल तेवढीच, दुसरी तशीच असणार ना. याचा एक फायदा बघा, जॉनला ड्रॉइंग दिसणार नव्हतं पण मॉडेलवर हात फिरवला की आख्खी बोट कळायची. मग मॉडेलवरून मापं घेऊन आकड्यांचा तक्ता, तक्त्यावरून पूर्ण आकाराची आखणी, आणि प्रत्येक बरगडीला स्वतंत्र साचा! बऱ्याच यार्डांत मोजकेच साचे उभे करून मधल्या बरगड्या पट्ट्यांच्या आधाराने बसवायचे. इथे छोट्या बोटींना वाफवलेली ओकची बरगडी तिच्या तिच्या साच्यावर वाकवायची, साचे उलटे मांडायचे आणि बोट पालथीच बांधायची, म्हणजे फळ्या मारणाऱ्याला खाली आडवं पडून हातोडा चालवायला नको. साचे जपून ठेवले की पुढची बोट हुबेहूब तशीच.

म्हणूनच 1914 ची ट्वेल्व्ह अँड हाफ ही छोटी बोट शक्य झाली. पाण्यावर साडेबारा फूट लांब, अमेरिकेतल्या बझर्ड्स बे या खाडीच्या जोरदार वाऱ्यात पोरांना शिकता यावं म्हणून खाली शिशाचं जड वजन, सहजासहजी उलटत नाही. ती पोरंही गरिबाघरची नव्हती, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणतो. पण 1943 पर्यंत कारखान्याने अशा साडेतीनशेहून जास्त काढल्या आणि त्या आकाराच्या बोटी आजही बनतात, लाकडात पण आणि फायबरग्लासमध्ये पण.

लिलावाचं म्हणाल तर 1915 ला जॉन गेला आणि दोनच वर्षांत कंपनी न्यूयॉर्कच्या गुंतवणूकदारांकडे गेली. एक भाऊ गल्ल्यावर आणि एक कामावर असलेल्या आपल्याकडच्या दुकानातही गल्ल्यावरचा गेला की हेच होतं. तरी लिलावात घेणाऱ्या हाफेनरेफर यांनी यार्ड चालू ठेवलं, 1930 ची एंटरप्राइझ आणि 1934 ची रेनबो तिथेच बांधल्या, डिझाइन दुसऱ्याचं पण कारखाना तोच. 1893 ते 1934 अमेरिका कप लागोपाठ आठ वेळा राखला गेला आणि आठही वेळची बोट ब्रिस्टलचीच, हे तुमच्या कमेंटमधून का गळालं कळलं नाही.

बाकी वाडियांवर लिहा म्हणालात ते डोक्यात आहे. पण मला जहाजांची यादी नकोय, काम कसं चालायचं ते हवंय. मुंबई गोदीत साचे ठेवायचे का, मापं कुठे उतरवायचे, सुतारांना कोण शिकवायचं, याबद्दल तुमच्याकडे काही असेल तर इथेच टाका, वाचतो.