गाडी कितीला लागेल?

नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्यात नवले पुलाजवळच्या उतारावर एक कंटेनर सुटला, समोरच्या गाड्यांना ठोकत गेला, आग लागली आणि माणसं गाडीतल्या गाडीत गेली. आमच्या घरच्या ग्रुपवर रात्रभर व्हिडिओ येत राहिले. सकाळी, म्हणजे तिकडच्या सकाळी, दाजींनी थेट मला विचारलं, "तू आता तिकडं ट्रकच चालवतोस ना? मग सांग जरा सगळ्यांना, तिकडं ड्रायव्हरला काय शिक्षा करतात ते. आपल्याकडं कुणाला भीतीच राहिली नाही."

इथे, इंग्लंडमध्ये, रात्रीचे अडीच वाजले होते. एम-१ या मोटरवेवरच्या एका सर्व्हिसेसमध्ये, म्हणजे हायवेवरच्या थांब्यावर, गाडी लावून मी डब्यातली गार पोळी-भाजी खात होतो. उत्तर लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. शेवटी 'शिक्षा कडक आहे' एवढंच पाठवलं. खोटं नव्हतं ते. धोकादायक गाडी चालवून कुणाचा जीव घेतला तर २०२२ पासून इथे जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. पण दाजींनी शिक्षेबद्दल विचारलं म्हणून शिक्षेबद्दल सांगायचं, हे मला पटेना. कारण चाकणला असताना मीही याच सुरात बोलायचो.

मी मूळचा कराडचा. इंग्लंडला यायच्या आधी नऊ वर्षं चाकणमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत डिस्पॅचला होतो. काम काय, तर गाड्या लावून घ्यायच्या, भरून काढायच्या आणि पोचेपर्यंत ड्रायव्हरच्या मागे लागायचं. दिवसाला पन्नास वेळा एकच प्रश्न: गाडी कितीला लागेल? मग बायकोला इथे नर्सची नोकरी लागली, तिच्या व्हिसावर मीही आलो. वर्ष-दीड वर्ष गोदामात खोकी उचलली. ट्रकचं लायसन्स हातात येऊन आता आठ महिने झालेत.

लायसन्सची कथा थोडक्यात सांगतो. आपलं भारतातलं लायसन्स इथे बारा महिने चालतं, त्यानंतर कारसाठीसुद्धा शून्यापासून सुरुवात. कार झाली की ट्रकसाठी डॉक्टरी तपासणी, शंभर प्रश्नांची लेखी, रस्त्यावरचा धोका व्हिडिओत वेळेवर ओळखायची परीक्षा, मग आणखी दोन परीक्षा आणि शेवटी ट्रेलरसकट रस्त्यावरची चाचणी. ट्रेलर रिव्हर्स घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं, हे डोक्याला कळायला एक दिवस लागला, हातांना तीन आठवडे. रस्त्यावरच्या चाचणीत मी पहिल्यांदा नापास झालो. बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "चाकणच्या ड्रायव्हरांना कळू देऊ नकोस."

नव्या माणसाला दिवसाचं काम कुणी देत नाही. विमावाल्यांना दोन वर्षांचा अनुभव लागतो म्हणून बऱ्याच कंपन्या दारातूनच परत पाठवतात. मला एजन्सीमार्फत रात्रपाळी मिळाली. एका गोदामातून भरलेला ट्रेलर उचलायचा, दुसऱ्या गोदामात सोडायचा, तिथला घेऊन परत यायचं. ऐकायला सोपं आहे.

पहिल्या महिन्यातली एक रात्र सांगतो. बारीक पाऊस. ट्रॅक्टर, म्हणजे ट्रकचा पुढचा इंजिनाचा भाग, मागे घेत ट्रेलरखाली घातला, पिन अडकल्याचा खट्ट आवाज आला. हलक्या गिअरला गाडी पुढे ओढून पाहिली, एकदा, मग पुन्हा एकदा. खाली उतरून हवेचे लाल-पिवळे पाइप जोडले (इथले ड्रायव्हर त्यांना सुझी म्हणतात, का ते मला कुणी धड सांगितलेलं नाही), ट्रेलरचे पाय हँडल मारून वर घेतले, मागे माझ्या गाडीच्या नंबरची पाटी लावली. मग टॉर्च घेऊन फेरी. दिवे, चाकांचे नट, हवा कुठे गळतेय का. ट्रेलरच्या मधल्या आसाच्या टायरवर, आतल्या बाजूला, बोटभर लांब काप. बोट घातलं तर आत तार लागली.

मी प्लॅनरला, म्हणजे गाड्यांच्या फेऱ्या ठरवणाऱ्या माणसाला, फोन लावला आणि लावताना पोटात गोळा आला. पुढची शिवी मला पाठ होती. ती मी स्वतः शेकडो वेळा दिली होती, सभ्य भाषेत: कसंही करून काढा, पुढं बघू. प्लॅनर जांभई देत म्हणाला, "मग हलवू नकोस. टायरवाला पाठवतो." झालं. गाडी अडीच तास उशिरा पोचली. कुणी काही बोललं नाही.

हा प्लॅनर संत वगैरे नाही. माझे ओव्हरटाइमचे तास त्याने दोनदा कमी लिहिलेत आणि मागितल्याशिवाय कधी दिलेले नाहीत. पण तो टायर घेऊन मी रस्त्यावर गेलो असतो आणि तपासणीत सापडलो असतो, तर प्रकरण माझ्या दंडावर मिटलं नसतं. ट्रक चालवायचा परवाना इथे कंपनीलाही लागतो. तो ट्रॅफिक कमिशनर देतो आणि त्याने बोलावून घेतलं तर मालकाला हिशेब द्यावा लागतो. परवाना गेला की धंदा बंद. त्यामुळे रात्री दोन वाजता मालकाचा स्वार्थ आणि माझा जीव एकाच बाजूला आले. चाकणला ते कधी एका बाजूला आल्याचं मला आठवत नाही.

तासांचंही तसंच आहे. डॅशबोर्डच्या वर टॅकोग्राफ नावाचं, चालवल्याचे तास नोंदवणारं यंत्र, त्यात माझं कार्ड. साडेचार तास गाडी चालवली की पंचेचाळीस मिनिटं थांबायचंच. दिवसाला नऊ तास ड्रायव्हिंग, आठवड्यातून दोनदा दहा. दोन पाळ्यांमध्ये एरवी अकरा तास विश्रांती. साडेचार तास भरायला पंधरा मिनिटं उरली की ते यंत्र इशारा देतं आणि मग डोळे रस्त्यावर कमी, पार्किंगच्या पाटीवर जास्त. सरकारी तपासनीस रस्त्यात थांबवून मागच्या अठ्ठावीस दिवसांचा हिशेब बघू शकतो. १९७० च्या दशकात हे यंत्र यायला लागलं तेव्हा इथल्या ड्रायव्हरांनीच त्याला 'केबिनमधला हेर' म्हणून विरोध केला होता. ब्रिटन सरकारही टाळाटाळ करत राहिलं. शेवटी १९७९ मध्ये युरोपच्या न्यायालयात हरल्यावर सक्ती झाली.

यंत्र आपल्याकडेही होतंच की. माझ्या टेबलावरच्या स्क्रीनवर प्रत्येक गाडीचा ठिपका दिसायचा. होसूरहून चाकणला येणारी एक गाडी होती, नंबरचे शेवटचे आकडे ४४१७. पावणेनऊशे किलोमीटर, एकटा ड्रायव्हर. ठिपका निपाणीजवळ पन्नास मिनिटं हलला नाही की मी फोन लावायचो.

"मामा, का थांबलाय?"

"जेवतोय, साहेब."

"आटपा लवकर. इथं लाइन थांबंल."

इथलं यंत्र विचारतं, का थांबला नाहीस. आमचं विचारायचं, का थांबलास. त्या माणसाशी मी चार वर्षं बोललो. माझ्या फोनमध्ये तो अजूनही '४४१७ ड्रायव्हर' आहे. नाव विचारल्याचं आठवत नाही. आणि तो निपाणीहून निघून, कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडून, त्याच नवले पुलाच्या उतारावरून माझ्याकडे यायचा.

त्या उतारावर अपघात झाला की ड्रायव्हरने डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल केली होती, अशी चर्चा सुरू होते. करतात, हे खरं आहे. पण का करतात, हे आमच्या डिस्पॅचच्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. ट्रिपचं डिझेल ठरवून दिलेलं. उरलं तर ड्रायव्हरचं, कमी पडलं तर त्याच्या खिशातून. म्हणजे उतारावर त्याच्या हातात गिअरचा दांडा नसतो, शंभर-दोनशे रुपये असतात. गंमत अशी, की आताच्या इंजिनात गिअरमध्ये उतरताना डिझेल जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलला उलट इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. हे मला इथे शिकवणाऱ्या म्हाताऱ्या इंग्रज ड्रायव्हरने पहिल्याच दिवशी सांगितलं. ४४१७ ला कुणी सांगितलं असेल? मी तर नाही. मला तरी कुठं माहीत होतं! इथे डिझेल कंपनीच्या कार्डावर भरतात, त्यामुळे न्यूट्रलचा मोहच नाही. मी भला माणूस आहे म्हणून गिअरमध्ये उतरतो, असं नाही.

आणि कायदा? तो आपल्याकडे १९६१ पासून होता, नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रम संहितेत सामावला. मोटार परिवहन कामगार अधिनियम, दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, लांबच्या मार्गावर थोडी सवलत. पाच किंवा जास्त कामगार असलेल्या मालकांना तो लागू व्हायचा. दोन गाड्यांचा मालक आपोआप बाहेर, आणि आपल्याकडे बहुतेक गाड्या अशाच छोट्या मालकांच्या. नऊ वर्षं गाड्या हाकल्या मी, पण या कायद्याचं नाव इथे आल्यावर वाचलं.

गावाकडची चर्चा मात्र कायम अपघातानंतरच्या घडीपासून सुरू होते. नव्या न्याय संहितेत कलम १०६ (२) आलं: अपघातात माणूस मेला आणि ड्रायव्हर न कळवता पळून गेला तर दहा वर्षांपर्यंत कैद. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत ड्रायव्हरांनी चाकं थांबवली आणि महाराष्ट्रभर पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. संहिता जुलै २०२४ मध्ये लागू झाली तेव्हा हे पोटकलम सरकारने बाजूला ठेवलं. तेव्हाही दाजी म्हणाले होते, पळतात कशाला, चूक नसेल तर थांबावं. दाजी, तुमच्या गाडीसमोर कुणी आला तर तुम्ही थांबाल, कारण तुम्ही तुमच्या तालुक्यात आहात. लातूरचा माणूस कर्नाटकात रात्री थांबला तर पोलिस येईपर्यंत त्याच्या अंगावर शर्ट राहत नाही. माझ्याकडून इथे असं घडलं तर मी थांबेन. त्यात माझा पराक्रम काही नाही, इथे जमाव मारत नाही इतकंच.

रांगांवरून आठवलं. सप्टेंबर २०२१ मध्ये ब्रिटनमधले पंपही असेच कोरडे पडले होते. टँकर न्यायला पुरेसे ड्रायव्हर नव्हते, त्यात लोकांनी घाबरून टाक्या फुल्ल केल्या. सरकारने घाईघाईने बाहेरच्या पाच हजार ट्रक ड्रायव्हरांना तात्पुरते व्हिसा देऊ केले, तर तेवढे लोक आलेसुद्धा नाहीत. ड्रायव्हर नावाचा प्राणी असतो हे दोन्ही देशांना पंप आटल्यावरच कळलं.

आता इथलं कौतुक आवरतो, नाहीतर ग्रुपवर 'परदेशी जावई' म्हणून टोमणे सुरू होतील. याच एम-१ वर, न्यूपोर्ट पॅग्नेलजवळ, ऑगस्ट २०१७ मध्ये एक ड्रायव्हर दारू पिऊन भर मोटरवेवर ट्रक उभा करून झोपला होता. त्याच्यामागे थांबलेल्या मिनीबसवर दुसरा ट्रक आदळला. आठ जण गेले, बसमधले बरेचसे भारतीय. टॅकोग्राफ होता, परवाने होते, सगळं होतं.

रोजचं जिणंही काही मखमली नाही. गोदामाच्या फाटकावर किल्ली काढून घेतात आणि खाली व्हायला तीन तास बसवतात. माल पोचवायला आलेल्या ड्रायव्हरला संडास वापरू द्यायचा असा कायदा आहे. फाटकावरचा पोरगा अंगणातल्या निळ्या प्लास्टिकच्या डब्याकडे बोट दाखवतो. आडोशाच्या थांब्यावर मुताच्या बाटल्यांचा खच असतो, आणि मी कधी टाकली नाही एवढंच सांगू शकतो. सर्व्हिसेसमध्ये रात्री गाडी लावायचेही पैसे मोजावे लागतात. एकदा घरापासून वीस मिनिटांवर माझे तास संपले. घराच्या दिशेचा रस्ता समोर दिसत होता आणि मी केबिनमध्ये झोपलो. बोलायला कुणी नाही. ४४१७ कडे क्लीनर नव्हता, पण ढाबा होता. खाट होती, शेजारच्या खाटेवर कुणीतरी कोल्हापूरचा, सोलापूरचा. मी रात्री कीर्तनं ऐकत चालवतो. बायको म्हणते, साठ वर्षांचा झालास.

चाकणच्या आमच्या फाटकाबाहेर ड्रायव्हर सकाळी रस्त्यावरच, कॅनच्या पाण्याने आंघोळ करायचे. आमच्या खिडकीतून दिसायचं. आत दोन बाथरूम होत्या, स्टाफसाठी. आता २०२५ पासून नव्या मोठ्या ट्रकला केबिनमध्ये एसी सक्तीचा झालाय. चांगलं झालं. झोप मात्र एसीने मिळत नाही, ती कुणीतरी द्यावी लागते.

गेल्या रविवारी दाजींचा फोन आला. हे सगळं त्यांना सांगितलं, तासभर. दाजींचं कराडला फरशी-टाइल्सचं दुकान आहे. माणूस मोकळा, ऐकून घेतात. "पटतंय तुझं," म्हणाले. "चूक एकट्या ड्रायव्हरची नसते." मग थोडं थांबून म्हणाले, "बरं, एक काम कर. मोरबीहून माझी गाडी निघालीय, काल रात्रीच यायला पाहिजे होती. ड्रायव्हर फोन उचलत नाही. तुला या लोकांची भाषा येते. जरा लावून दम देतोस का?"

"झोपला असेल," म्हटलं.

"नंबर पाठवतो," दाजी म्हणाले.